बरोबरीची मिरवणूक

“तुमचा मुलगा काय करतो?” असं मी माल्के साहेबांना विचारलं, तेव्हा ते यंत्राच्या पोटात अर्धे शिरलेले होते. आतूनच उत्तर आलं.

“फुटबॉल खेळतो. पैसे घेऊन खेळतो. फॉरवर्ड आहे. पण गोल करत नाही.”

“मग पैसे कशाचे देतात?”

“हाच प्रश्न त्याच्या क्लबलाही पडलाय.”

हे सगळं आमच्या इंग्रजीत. साहेबांचं इंग्रजी जर्मन वळणाचं, माझं यंत्रांच्या माहितीपुस्तकांवर पोसलेलं. दोघांचंही अर्धं हातवाऱ्यांवर चालायचं, त्यामुळं भांडण कधी झालं नाही. शिरोलीच्या आमच्या फौंड्रीत मालकांनी जर्मनीहून साचे पाडायचं मोठं यंत्र आणलं होतं आणि ते बसवायला माल्के साहेब आले होते. मी देखभाल विभागाचा फोरमन. माझ्या घराच्या वरच्या दोन खोल्या कंपनीनं साहेबांसाठी भाड्यानं घेतल्या होत्या. म्हणजे दिवसा साहेब माझ्या डोक्यावर, रात्रीही डोक्यावर. माणूस मात्र सोन्यासारखा.

जानेवारीत तिकडं बर्फामुळं फुटबॉलला सुट्टी असते म्हणे. त्या सुट्टीत त्यांचा मुलगा आला. टोर्स्टन. चौकटीला कपाळ आपटूनच तो घरात आला आणि आमच्या हिनं आधी हळद आणली, मग पाणी. आमच्या पेठेनं संध्याकाळपर्यंत त्याचं बारसं करून टाकलं. टोर्स्टन म्हणायला जीभ वळेना, म्हणून तोरस्कर. दुसऱ्या दिवशी दूधवाला मला विचारतो, “मामा, तुमच्याकडचे ते तोरस्कर म्हशीचं पितात का गाईचं?”

पोरगा गुणाचा होता. आयतं बसून खाणं त्याला जमायचं नाही. रोज बापाबरोबर फौंड्रीत यायचा आणि जे जड दिसेल ते उचलायचा. आमचे हमाल त्याच्यावर खूश होते. पण जेवायला बसला की गप्प. एकदा हिनंच मला डिवचलं, “अहो, विचारा की त्याला. पोर भाकरीकडं बघून उसासं टाकतंय. ठेचा तिखट झाला म्हणावं तर तसंही नाही.”

मी विचारलं. तोरस्करनं बापाकडं पाहिलं, बाप ताटातल्या मेथीकडं बघत राहिला.

“मामा,” तो म्हणाला. फौंड्रीत, पेठेत सगळे मला मामा म्हणत, तेच त्यानं उचललं होतं. “आमच्या प्रशिक्षकानं सांगितलंय, गोलसमोर गेलास की तुझे पाय थरथरतात. पण तू उंच आहेस, बॉल कुठं येणार हे तुला आधी कळतं. सुट्टीनंतर मागे खेळ. समोरच्या फॉरवर्डला अडवणारा स्टॉपर हो. नाहीतर दुसरा क्लब शोध. सोमवारी फोन करून उत्तर द्यायचंय.”

“मग हो म्हण की.”

“लहानपणापासून मी पुढे खेळतोय. मागे पाठवतात म्हणजे…” त्याला शब्द सापडेना. मग सापडला. “शिक्षा.”

“आणि नाही म्हणालास तर?”

“गोल न करणारा फॉरवर्ड कोण घेतो? मग फुटबॉल संपला. वडिलांबरोबर यंत्रं बसवत फिरीन. ते म्हणतात, जागा आहे.”

“जागा आहे,” माल्के साहेब ताटातून डोकं वर न करता म्हणाले. “पण मी काही बोलणार नाही. पाय त्याचे आहेत.”

आता मी पडलो कीर्तनवेडा माणूस. गळ्यात माळ, आणि पंचक्रोशीत कुठं बुवा उभे राहणार असले की माझी सायकल तिकडं. कुणाचं काही अडलं की लोकांना डॉक्टर आठवतो, वकील आठवतो. मला आख्यान आठवतं. आणि हे तर अगदी सरळ होतं. अंगदशिष्टाई. रावणाच्या भर दरबारात वालीचा पोरगा पाय रोवून उभा राहतो. कुणाला मारत नाही, धावत नाही. हलवून दाखवा म्हणतो. सगळी लंका घामाघूम होते आणि पाऊल तसूभर सरकत नाही. स्टॉपर म्हणजे आणखी दुसरं काय?

योगही असा की त्याच शनिवारी आमच्या बुरूज तालमीतल्या मारुतीचा वर्धापनदिन होता आणि अनंतबुवा कागवाडकरांचं कीर्तन ठरलेलं होतं. बुवांना स्टँडवरून आणायचं काम माझंच. रिक्षात बसल्या बसल्या मी विषय काढला.

“बुवा, उत्तररंगाला अंगद घ्या.”

बुवांनी तपकिरीची चिमूट भरली. “का हो?”

मी सगळं सांगितलं. बुवा ऐकून घेत होते. मग म्हणाले, “त्या पोराला मराठी येतं?”

“नाही.”

“मग आख्यान अंगदाचं काय आणि आणखी कुणाचं काय.”

“मी कानात सांगत जाईन की.”

“बरं. बघू.”

संध्याकाळी तालमीत पाय ठेवायला जागा नव्हती. तोरस्करचे पाय काही केल्या मुडपेनात आणि बुवांकडं पाय करून बसणं बरं दिसेना, म्हणून आम्ही त्याला खांबाशी पोत्यांची थप्पी लावून उंच बसवला. पूर्वरंग छान रंगला. मध्यंतरात बुक्का लावणारा तोरस्करच्या कपाळापर्यंत पोचेना, तर त्यानं स्वतः मान खाली घातली. ते बघून बायकांमध्ये त्याचं एकदम बरं मत झालं.

मग बुवांनी उपरणं कमरेला बांधलं, झांजा थांबल्या. मी तोरस्करच्या जवळ सरकलो. बुवांनी एकवार मारुतीकडं पाहिलं, एकवार पुढच्या रांगेत मांडी ठोकून बसलेल्या कोवळ्या पैलवानांकडं पाहिलं, आणि सुरू केलं लंकादहन.

अंगदाचं नावच नाही. पण बुवा काय सुटले होते त्या दिवशी! शेपटीला चिंध्या गुंडाळतायत, शेपटी वाढतेय, लंकेतलं कापड संपलं, तेल संपलं. उपरण्याची शेपटी करून बुवा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात उड्या घेत होते. साठी उलटलेला माणूस. तबलजीला घाम फुटला. तोरस्करचे डोळे ताटलीएवढे झाले.

“हा कोण?” त्यानं विचारलं.

“मारुती. तो समोर आहे ना, तोच.”

“काय करतोय?”

कीर्तनात बसून मला खोटं बोलवेना. “एकटा शत्रूच्या गावात शिरलाय. सगळं पेटवून परत येणार.”

“फॉरवर्ड,” तोरस्कर समाधानानं म्हणाला.

आरती झाल्यावर मी बुवांना गाठलं. ते पंख्याखाली उभे राहून वारा घेत होते. “बुवा, अंगद राहिला.”

“अहो मोरबाळे,” बुवा म्हणाले, “मारुतीच्या पुढ्यात उभं राहून दुसऱ्याचं कौतुक करू? त्याच्याच वाढदिवसाला? तो दगडाचा असला तरी कान आहेत त्याला.”

प्रसादाचा शिरा खाता खाता तोरस्कर मला म्हणाला, “मामा, माझं ठरलं. मी मागे खेळणार नाही. सोमवारी नाही म्हणून सांगतो.” माल्के साहेबांनी शिऱ्याचा घास तोंडात धरून मुलाकडं पाहिलं आणि मग तो गिळला. मी मारुतीरायाला मनात म्हटलं, पेटवलंस तू, आता विझव पण तूच.

हे चाललेलं असताना हिंदुराव वस्ताद तोरस्करच्या खांद्यांकडं टक लावून बघत होते. वस्ताद म्हणजे तालमीचे सर्वेसर्वा. त्यांच्या तरुणपणी त्यांची पाठ कुणी मातीला लावली नव्हती असं ते स्वतः सांगत, आणि खोटं म्हणायला त्या काळातलं कुणी उरलं नव्हतं. कोल्हापुरात तालमी कुस्तीच्या, पण संघ फुटबॉलचे. त्यामुळं फुटबॉलमधलं ओ की ठो न कळणारे वस्ताद आमच्या संघाचे अध्यक्ष होते.

“मोरबाळे, ह्यो गडी उद्या आपल्याकडनं,” वस्ताद म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाहू स्टेडियमवर नगारखाना तालमीशी सामना होता. त्या स्पर्धेत पाहुणा खेळाडू चालत असे. नगारखाना म्हणजे तेव्हाचे वाघ. अंतिम फेरीत जायचं तर आम्हाला जिंकणं भागच होतं. गुण जास्त असल्यामुळं नुसत्या बरोबरीवर नगारखाना पुढं जाणार होती. आम्ही जिंकू असं आमच्या आयांनाही वाटत नव्हतं.

“क्लबला कळलं तर माझी कातडी सोलतील,” तोरस्कर म्हणाला. पण डोळे चमकत होते.

“क्लब कोल्हापुरात येत नाही,” माल्के साहेब म्हणाले.

रविवारी स्टेडियमच्या पायऱ्या भरून गेल्या. आदल्याच वर्षी जर्मनीनं वर्ल्ड कप जिंकलेला सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला होता, आणि त्या देशातला अख्खा माणूस आमच्या लाल जर्सीत उभा होता. जर्सी त्याला बेंबीपर्यंतच येत होती, तो भाग वेगळा. आमच्या पोरांना काय वाटलं असेल? आता फक्त बॉल याला द्यायचा.

आणि दिला की. पहिला बॉल त्यानं मारला तो गोलवरून, पायऱ्यांवरून, भिंतीवरून बाहेर रस्त्यावर गेला. “तोरस्कर, कांद्याच्या गाडीवर पडलाय बघा,” वरनं कुणीतरी ओरडलं. दुसरा त्यानं गोलकीपरच्या छातीत नेऊन ठेवला, पार्सल द्यावं तसा. तिसऱ्याला गोलकीपरही नव्हता समोर. तिसऱ्याला त्याचे पाय थरथरलेले मी पायऱ्यांवरून बघितले. शेजारी माल्के साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत बसले.

“अवो साहेब,” मागचा एक जण त्यांना म्हणाला, “जर्मनीत दुसरं पोरगं न्हाई का तुमचं?”

“काय म्हणाला?” साहेबांनी विचारलं.

“चांगला प्रयत्न करतोय म्हणाला,” मी सांगितलं. हे कीर्तन नव्हतं, त्यामुळं चाललं.

मध्यंतरानंतर लगेच आमचा स्टॉपर शंकर चिले गुडघा धरून खाली बसला. त्याला दोघांनी उचलून बाहेर आणलं. बदली खेळाडू म्हणून जो उठला तो चिलेचा धाकटा भाऊ. तो सायकलच्या पंपासारखा बारीक. त्याच्या अंगावर नगारखान्याचा रझाक येणार होता. रझाक म्हणजे वारा. तो निघाला की आम्ही वाट न बघता गोलच मोजायचो.

वस्ताद रेषेवर उभं राहून हात हलवत होते, “तोरस्कर, फुडं व्हा, फुडं.” आणि तेवढ्यात तोरस्कर वळला. त्याला कुणी सांगितलं नाही, कुणी बोलावलं नाही. त्यानं चिलेच्या धाकट्याला खांद्याला धरून हळूच बाजूला केलं, बोटानं पुढची जागा दाखवली, आणि स्वतः जाऊन मागे उभा राहिला. घरात पाहुणे आलेत आणि चुलीवरचं दूध उतू चाललंय असं दिसलं की बाई जशी बोलणं टाकून उठते, तसा.

“आरं हे काय करतंय?” वस्ताद मला म्हणाले. “मोरबाळे, सांगा त्याला. फुडं जा म्हणावं.”

मी सांगायला उठलोसुद्धा. माल्के साहेबांनी माझा सदरा धरला. “बसा,” ते म्हणाले.

रझाक पहिल्यांदा आला तेव्हा तोरस्कर धावलाच नाही. रझाक ज्या जागी बॉल नेणार होता तिथं तो आधीच जाऊन उभा होता. बॉल घेतला, चिलेच्या धाकट्याला दिला, जागेवर परत. दुसऱ्यांदा तेच. मग तो ओरडायला लागला, जर्मनमध्ये, हातानं दिशा दाखवत. आमच्या पोरांना एक अक्षर कळत नव्हतं पण जो तो मुकाट्यानं सांगितलेल्या जागी जाऊन उभा राहत होता. घरात बापाचं न ऐकणारी पोरं ती. पायऱ्यांवरचा दंगा हळूहळू कमी झाला. लोक बघायला लागले.

नगारखान्यानं काय केलं नाही? डावीकडनं आले, उजवीकडनं आले, कॉर्नरवर कॉर्नर घेतले. प्रत्येक बॉलला ते पिंगट डोकं वर यायचं. शेवटी शेवटी रझाकनं अगदी जवळून सणसणीत हाणला. आमचा गोलकीपर भलतीकडंच पडला होता. तोरस्करनं तो बॉल तोंडावर घेतला. आवाज वरपर्यंत आला. तो खाली बसला, नाकातून रक्त, आणि बसल्या बसल्याच पायानं बॉल बाहेर ढकलला. सगळ्यात आधी रझाकच धावत आला. “भावा, मरशील की,” म्हणून त्यानं स्वतःच्या जर्सीनं त्याचं नाक दाबून धरलं. मग शिट्टी झाली. शून्य-शून्य.

आम्ही स्पर्धेतून बाहेर पडलो होतो. मी खाली मैदानात गेलो तेव्हा तोरस्कर मान घालून बसला होता. “सॉरी, मामा. तुम्हाला गोल पाहिजे होता.”

मी काही बोलायच्या आत हलगी कडाडली. वळून बघतो तर अख्खी पेठ पायऱ्या उतरून मैदानात येत होती. तोरस्कर घाबरून उभा राहिला. त्याला वाटलं, आता मार. एवढ्यात गर्दीतून वस्ताद आले. त्यांच्या हातात भगवा फेटा होता. त्यांचा हात काही त्याच्या डोक्यापर्यंत जाईना, तेव्हा चौघांनी वस्तादांनाच उचललं आणि वर धरलेल्या त्या म्हाताऱ्यानं तोरस्करच्या डोक्याला फेटा बांधला. लगेच दुसऱ्या चौघांनी तोरस्करला उचललं. त्याला चौघं पुरले नाहीत, सहा लागले. गुलाल उधळला. रक्तावर गुलाल बसून त्याचं तोंड शेंदराच्या मारुतीसारखं दिसायला लागलं.

नगारखान्याची मंडळी अंतिम फेरीत पोचून एका बाजूला गप्प उभी होती. रझाकनं मला विचारलं, “मामा, गेलं कोण फायनलला? आम्हीच न्हवं?”

“तुम्हीच, बाबा.”

“मग नाचताय कशाला?”

वरून तोरस्करही तेच विचारत होता. “मामा, आपण जिंकलो?”

“नाही.”

“पुढच्या फेरीत जाणार?”

“नाही. आपण बाहेर.”

“मग हे ढोल?”

मी वस्तादांना विचारलं. वस्तादांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी माळ घालून मटण मागितलं.

“मोरबाळे, त्याला सांगा,” ते म्हणाले. “लहान पैलवान मोठ्या पैलवानाला भिडला आणि शेवटपर्यंत त्यानं पाठ मातीला लागू दिली न्हाई, तर आमच्यात त्याला खांद्यावर घेत्यात. तू त्याला पाडलंस का, असं कुणी इचारत न्हाई. इचारायचंच नसतंय. नगारखान्यानं एवढा जोर केला, आमची पाठ लागली का?”

“फुटबॉलमध्ये असं नसतं, वस्ताद.”

“मग फुटबॉल सुधारा.”

मी जमेल तसं वर ओरडून सांगितलं. कुस्तीला पाठ लागणं हे इंग्रजीत कसं म्हणायचं ते मला येईना, म्हणून मी स्वतःची पाठ बडवून आणि जमिनीकडं बोट करून दाखवलं. तोरस्करला किती कळलं कोण जाणे. तो खांद्यावर डुलत होता, फेटा एका कानावर आला होता. मिरवणूक तालमीपर्यंत गेली. वाटेत बायकांनी पायावर पाणी घातलं, ओवाळलं. तोपर्यंत तो हसत होता. तालमीच्या दारात मात्र माझ्याकडं वाकून एवढंच म्हणाला, “गोल न करता मला आजवर कुणी उचललेलं नाही.”

घरी हिनं फेटा सोडायला सांगितला तर सोडेना. फेट्यातच जेवला.

सोमवारी संध्याकाळी आम्ही तिघं रेल्वे स्टेशनवर गेलो. यंत्राचा एक मोठा व्हॉल्व्ह पार्सलनं आला होता, तो लाकडी खोक्यासकट सोडवून आणायचा होता; आणि परदेशी फोन लागायचं बूथ स्टेशनसमोरच होतं. आधी खोकं सोडवलं, बूथच्या दारात ठेवलं. तोरस्कर काचेच्या आत गेला. माल्के साहेब आणि मी बाहेर.

फोन लागला. काचेतून त्याचे ओठ हलताना दिसत होते. थोडं बोलला, बराच वेळ ऐकत राहिला, मग पुन्हा बोलला.

“साहेब, काय म्हणतोय?”

“मला ऐकू येत नाही.”

“ओठांवरून?”

“मी तिकडं बघत नाहीये,” ते म्हणाले. ते खरोखरच रस्त्यावरच्या टांग्याकडं बघत होते. मग म्हणाले, “मामा, माझा जोडीदार गेल्या वर्षी निवृत्त झाला. या यंत्राला दोन माणसं लागतात. मी कंपनीला सांगितलं होतं, थांबा, दुसरा माणूस कदाचित घरातलाच मिळेल.”

आठवडाभर मी त्या पोराचं काय होणार म्हणून देवाला कोड्यात पाडत होतो, आणि हा माणूस माझ्याच ताटाला ताट लावून, पाय त्याचे आहेत म्हणत, गप्प जेवत होता.

तोरस्कर बाहेर आला. बापाला जर्मनमध्ये एक वाक्य म्हणाला, मग माझ्याकडं वळून, “मामा, हो म्हणालो. स्टॉपर.”

माल्के साहेबांनी मान हलवली. बिल दिलं. मुलाच्या पाठीवर थाप मारली, तीसुद्धा जपून, नाकाला हिसका बसू नये अशी.

पुढचं तुम्हाला थोडक्यात सांगतो. तोरस्कर तिथं खूप वर्षं खेळला. आधी दुसऱ्या विभागात, मग क्लब वर चढला तसा तोही पहिल्या विभागात. मोठं नाव झालं नाही. मागच्या माणसाचं होत नसतं. गोल म्हणाल तर एकही नाही, असं माल्के साहेब दरवर्षी नाताळच्या पत्रात आनंदानं कळवायचे. ते स्वतः बरीच वर्षं एकटेच यंत्रं बसवत हिंडले.

पण मला आठवतो तो त्या सोमवारचा तोरस्कर. बूथबाहेर आल्यावर सवयीनं तो वाकला आणि खोक्याला हात घालणार, तोच साहेबांनी त्याला मागं सारलं.

“राहू दे. गुडघे सांभाळ,” ते म्हणाले. हे मात्र मुद्दाम इंग्रजीत, मला कळावं म्हणून. “आता ते क्लबचे आहेत.”

मग त्यांनी खोक्याची एक बाजू धरली आणि माझ्याकडं पाहिलं. मी दुसरी बाजू धरली. दोन म्हातारे धापा टाकत रिक्षाकडं निघालो आणि तो साडेसहा फुटी पोरगा मोकळ्या हातांनी आमच्या मागून येत राहिला.